नत्र खत वापरताना आणि निवडताना या चुका टाळा

युरियाच्या १०० किलोत ४६ किलो नत्र असते. त्यातले पिकाला मिळते ते बहुतेक ठिकाणी जेमतेम निम्मे. उरलेल्यातले थोडे मातीत अडकते, काही अमोनिया होऊन उडते, काही नायट्रेट होऊन पाण्याबरोबर मुळांखाली जाते. काहीचा नायट्रस ऑक्साइड होतो. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमान वाढवतो. हवेतल्या नत्रापासून कारखान्यात अमोनिया बनवण्याची हाबर-बॉश पद्धत १९१३ साली जर्मनीत ओपाऊ इथे सुरू झाली. त्यासाठी लागणारा हायड्रोजन आजही मुख्यतः नैसर्गिक वायू आणि कोळशातून येतो. म्हणजे शेतात वाया गेलेला प्रत्येक किलो दोनदा प्रदूषण करतो: बनताना एकदा, वाया जाताना पुन्हा. म्हणून सुरुवात शेतापासून करू.

पान पिवळे दिसले की युरिया

सगळ्यात जास्त खत इथे फुकट जाते. नत्र कमी पडले की पिवळेपणा आधी खालच्या, जुन्या पानांवर येतो, कारण पीक तिथले नत्र काढून कोवळ्या पानांना देते. वरची कोवळी पाने एकसारखी फिकट असतील तर गंधकाची शंका घ्या. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर लोह कमी आहे. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचे. आणि शेतात पाणी साचले असेल तर मुळेच गुदमरलेली असतात, तिथे आधी निचरा करा. पाणथळ जमिनीत घातलेल्या नत्राचा बराच भाग जिवाणू वायू करून हवेत सोडतात. अंदाज चुकू नये म्हणून माती परीक्षण करा आणि भातासारख्या पिकात पानांच्या रंगाचा तक्ता वापरा.

युरिया वरवर फेकून सोडून देणे

मातीतले युरिएज हे विकर युरियाचे अमोनियात रूपांतर करते. दाणे ओलसर पृष्ठभागावर पडून राहिले, ऊन आणि वारा असला, जमिनीचा सामू (pH) जास्त असला, की तो अमोनिया थेट हवेत जातो. अशा वेळी काही दिवसांतच घातलेल्या नत्राचा पाव हिस्सा उडून जाऊ शकतो. उपाय साधा आहे: चार-पाच सेंटिमीटर खोल पेरून द्या, मातीआड करा, किंवा टाकल्यावर लगेच हलके पाणी द्या. हलकेच. मुसळधार पावसाच्या तोंडावर टाकलेले खत वाहून जाते किंवा मुळांच्या आवाक्याबाहेर झिरपते. मातीआड करणे शक्यच नसेल तर युरिएज रोखणारे द्रव्य लावलेला युरिया उपयोगी पडतो.

पेरणीलाच सगळे नत्र देणे हीही तशीच चूक. रोपाची मुळे तेव्हा बोटभर असतात. पीक जोमाने वाढते तेव्हाच त्याची भूक खरी वाढते, म्हणून हप्ते पाडा. ठिबक असेल तर पाण्यातून थोडे थोडे द्या.

आधीच असलेले नत्र न मोजणे

शेणखत, आधीच्या हंगामातले कडधान्य, अगदी विहिरीचे पाणीसुद्धा नत्र देते. लिटरमागे ५० मिलिग्रॅम नायट्रेट असलेले १०० मिलिमीटर पाणी हेक्टरी सुमारे ११ किलो नत्र घालते. ते शिफारशीतून वजा करायला हवे. उलटेही घडते. धान्याचे वाळलेले काड गाडले की ते कुजवणारे जिवाणू मातीतले नत्र काही काळ स्वतःच वापरतात आणि पीक फिकट पडते. काड गाडून लगेच पेरणी करू नका, मध्ये अवधी ठेवा.

नत्र एकदम शून्यावर आणणे मात्र माझ्या मते उपाय नाही. भरपाई न करता दर वर्षी पीक काढत राहिलो की जमिनीतला साठा संपतो, उत्पादन घटते. आधी फेरपालटात कडधान्य आणा, कुजलेले खत वाढवा, मग युरिया टप्प्याटप्प्याने उतरवा.

‘हरित’ शब्दावर थांबणे

‘हरित’ खत म्हणजे ज्याच्या अमोनियाचा हायड्रोजन नैसर्गिक वायूऐवजी स्वच्छ विजेने पाण्याचे विघटन करून मिळवला आहे असे खत. या पद्धतीने एक टन अमोनियाला साधारण १०,००० युनिट वीज लागते. ती कोळशाची असेल तर उत्सर्जन नैसर्गिक वायूच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षाही कितीतरी जास्त होते. त्यामुळे वीज कुठली, हे आधी विचारा. दुसरी गोष्ट, युरियाच्या रेणूतच कार्बन असतो. एक टन युरिया मातीत विघटित होताना सुमारे ७३० किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमोनिया कितीही स्वच्छ असला तरी. अमोनियम नायट्रेटमध्ये हा कार्बन नाही, पण त्याला लागणारे नायट्रिक आम्ल बनताना नायट्रस ऑक्साइड बाहेर पडतो. योग्य उत्प्रेरक बसवला तर त्यातला फार मोठा भाग कारखान्यातच नष्ट करता येतो, आणि हे तंत्र नवीन नाही. म्हणून नायट्रेट खत घेताना तो उत्प्रेरक बसवला आहे का, हेही उत्पादकाला विचारा.