मालगुजाराचा वाडा पडद्यावर उभा करताना

कथा १९५१च्या आधीची ठेवा. त्या साली मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या जमीनमालकाची पद्धत, संपली. गाव नागपूर-वर्धा-भंडारा-चांद्याकडचं (चांदा म्हणजे आताचं चंद्रपूर) असेल तरच मालगुजार म्हणा. वऱ्हाडात रयतवारी होती, म्हणजे शेतकरी स्वतःच सरकारला सारा देई; तिथे पाटील-देशमुख. ही चूक सर्रास होते.

रात्रीच्या प्रसंगाला कंदील हवा. काच राखेनं कोरडीच पुसा. ओली राहिली की तापल्यावर तडकते. नवी वात १५-२० मिनिटं घासलेटात मुरू द्या, मग सरळ कापून टोकं किंचित गोल करा. तिरकी राहिली तर ज्योत एकीकडे चढते, काजळी धरते आणि जवळच्या शॉटमध्ये अर्धी काच काळी दिसते.

दिवाणजी (हिशेब पाहणारा कारकून) ओसरीवर, मालगुजाराच्या गादीपासून हातभर दूर; सालदार (वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी) खाली अंगणात. सालदाराचं धोतर चहाच्या पाण्यातून काढून वाळवा. इस्त्री? मुळीच नको.