मँचेस्टरच्या ग्रंथवारीची पूर्वतयारी

साहित्य महोत्सवाच्या तारखा जाहीर झाल्या म्हणून लगेच प्रवासाचे आरक्षण करू नये. मँचेस्टरचा हा महोत्सव सहसा ऑक्टोबरमध्ये भरतो. मात्र त्यासोबत शहरातील जुनी ग्रंथालये आणि लेखकांची घरेही पाहायची असतील, तर आधी त्यांचे वार आणि वेळा एका कागदावर उतरवून घ्याव्यात आणि कार्यक्रमांची निवड मग करावी, कारण बरेचसे कार्यक्रम संध्याकाळी होतात आणि तोवर या वास्तूंची दारे लागलेली असतात.

पहिली नोंदणी चेथॅम ग्रंथालयाची करावी. कापडाचे व्यापारी हम्फ्री चेथॅम यांच्या मृत्युपत्रानुसार ते १६५३ मध्ये स्थापन झाले. इमारत त्याहूनही जुनी, १४२१ मधली. संगीतशाळेच्या आवारात असल्यामुळे तेथे मनाला येईल तेव्हा शिरता येत नाही, मार्गदर्शकासोबतची फेरी आधीच ठरवावी लागते. वाचनकक्षातील एका कोनाड्यात, रंगीत काचांच्या खिडकीशी एक मेज आहे. १८४५ च्या उन्हाळ्यात मार्क्स आणि एंगेल्स येथे बसून अर्थशास्त्रावरील ग्रंथ वाचत असत. या मेजापाशी कोणाचाही पाय रेंगाळतो, तेव्हा त्यानंतरचा अर्धा तास मोकळाच ठेवावा.

दुसरी नोंद कादंबरीकार एलिझाबेथ गॅस्केल यांच्या घराची, पत्ता ८४, प्लायमाउथ ग्रोव्ह. १८५० पासून १८६५ मध्ये निधन होईपर्यंत त्या येथे राहिल्या. घर आठवड्यातील मोजकेच दिवस उघडे असते; वार न पाहता गेल्यामुळे मी पहिल्या खेपेस पावसात फाटकाबाहेरूनच दर्शनी खांब पाहून परतलो होतो. शहराच्या मध्यभागापासून ते दूर असल्याने बसचा मार्ग आदल्या रात्रीच पाहून ठेवावा. पाहुणी म्हणून आलेली ‘जेन एअर’ची लेखिका शार्लट ब्राँटी दुसरे कोणी भेटीला आल्यावर संकोचून दिवाणखान्यातील पडद्याआड लपली होती, ही हकिकत ठाऊक असली की ती खोली निराळीच दिसते.

डीन्सगेटवरील जॉन रायलँड्स ग्रंथालयात प्रवेश विनामूल्य आहे. सुतीकापडाच्या धंद्यात अमाप संपत्ती मिळवलेल्या पतीच्या स्मरणार्थ एन्रिकेटा रायलँड्स यांनी ते उभारले आणि १ जानेवारी १९०० रोजी लोकांसाठी खुले झाले. तेथे बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानाचा तळहातापेक्षाही लहान असा पपायरसचा (लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचा) तुकडा आहे; तो काय आहे हे आधी वाचून जावे, नाहीतर नजर गॉथिक कमानींवरच खिळून राहते. (इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना सुताच्या पैशातून उभी राहिलेली ही ग्रंथदालने पाहताना थोडा हेवा वाटतो, हे खरे.) मोस्ली स्ट्रीटवरील १८०६ चे पोर्टिको ग्रंथालय यादीत घ्यायचे असेल, तर ते त्या दिवशी उघडे आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

सामानात छत्रीपेक्षा टोपीचे जलरोधक जाकीट बरे, कारण वाऱ्यापुढे छत्रीचा टिकाव लागत नाही. मात्र १९३४ मध्ये सुरू झालेल्या गोलाकार सेंट्रल लायब्ररीत जाताना त्याची चेन बाहेरच उघडून घ्यावी. वरच्या वाचनकक्षातील घुमटाखाली पान उलटल्याचाही आवाज घुमतो.