ढोल-ताशा वादकांसाठी: इअरप्लग निवडायचे कसे, बसवायचे कसे आणि मिरवणूक संपेपर्यंत कानात ठेवायचे कसे

गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नाशिकमध्ये संध्याकाळी पथकांचे सराव सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर कानांविषयीचे सल्लेही. कापसाचे बोळे घाला. कानात दोन थेंब तेल सोडा. आणि सगळ्यांत घातक सल्ला म्हणजे, दोन सीझन वाजवलं की कान तयार होतात. तयार कान सूर ओळखतो. दणदणाट सोसायला लागलेला कान तयार झालेला नसतो, त्याच्या आतल्या केसपेशी (आवाज टिपणाऱ्या नाजूक पेशी) गेलेल्या असतात, आणि माणसाच्या कानात त्या परत उगवत नाहीत. कापसाचा बोळा जेमतेम ५ ते ७ डेसिबल कमी करतो. तेल काहीच कमी करत नाही, उलट नंतर घातलेला प्लग घसरून बाहेर येतो.

आधी मिनिटांचा हिशेब

कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेने घालून दिलेली मर्यादा वादकालाही सोयीची आहे: ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास, १०० ला फक्त १५ मिनिटं. ताशांच्या रांगेलगत १०० सहज ओलांडले जातात. १०० धरले तरी दोन तासांच्या एका सरावात आठ दिवसांचा कोटा संपतो.

म्हणून ‘मिरवणुकीला प्लग घालू, सरावाला कशाला’ हे उलटं गणित आहे. मिरवणूक एक दिवस, सराव चाळीस दिवस. कान दोन्ही एकाच वहीत लिहितो.

फोनवरचं डेसिबल अ‍ॅप दोन जागांची तुलना करायला चालेल, आकड्यावर मात्र पैज लावू नका. मोठ्या आवाजात बऱ्याच फोनचा माईक गुदमरतो आणि आकडा कमी दाखवतो. आणि ध्वनिप्रदूषण नियमांतले निवासी भागाचे दिवसा ५५, रात्री ४५ हे आकडे परिसरासाठी आहेत. ताशापासून दोन फुटांवर असलेल्या तुमच्या कानाशी त्यांचा संबंध नाही.

तपासणी

सीझनआधी एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून कागद जपून ठेवा. चाचणीच्या आधी किमान १४ तास कानांना शांतता हवी. सराव करून आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जाऊन बसाल, तर थकलेल्या कानाचा आलेख मिळेल. ३००० आणि ६००० हर्ट्झही मोजायला सांगा, कारण आवाजाने आलेखात पडणारी खोक (त्या पट्टीतलं ऐकणं कमी झाल्याची खूण) पहिल्यांदा ३००० ते ६००० च्या पट्ट्यात, बहुधा ४००० च्या आसपास दिसते. कानात मळाचा खडा असेल तर तो डॉक्टरकडूनच काढून घ्या. कान कोरायच्या कापसाच्या काडीने तो आत जातो आणि वरून घातलेला प्लग त्याला आणखी आत रेटतो.

खरेदी

ढोल, टोल आणि झांज वाजवणाऱ्यांनी साधे फोमचे प्लग घ्यावेत. स्वस्त असतात, वाजवून झालं की टाकून द्यायचे. झांजवाल्यांनी तर चुकवूच नयेत. झांज वर उचलली की ती स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्या कानाच्या उंचीला येते.

ताशाचं वेगळं. फोम वरच्या पट्टीचा आवाज खालच्यापेक्षा जास्त खातो, त्यामुळे ताशाची तर्री बोथट ऐकू येते आणि वादक नकळत जोर वाढवतो. तासाभरात मनगट भरून येतं. ताशेवाले, तसेच ऑर्केस्ट्रातले ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवाले, यांनी संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले प्लग घ्यावेत. ते सगळ्या पट्ट्या जवळपास सारख्याच खाली आणतात. ऑडिओलॉजिस्टकडे कानाचा साचा देऊन बनवून घेतले तर ९, १५ किंवा २५ डेसिबलचा फिल्टर बदलता येतो. ताशाला ९ पुरत नाही. साचा देताना कानात आधी दोरा बांधलेला बोळा आतवर बसवला जातो आणि साचा दुसऱ्या वळणाच्या पुढे जातो. तो आखूड राहिला तर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि महागडे प्लग कपाटात पडतात.

पाकिटावरच्या एनआरआर (प्लग किती डेसिबल कमी करतो त्याच्या) आकड्यावर जाऊ नका, तो प्रयोगशाळेतला आहे. मैदानासाठी ढोबळ रीत अशी: आकड्यातून ७ वजा करा आणि उरलेलं निम्मं करा. ३३ लिहिलेला प्लग १३ चा धरा. १०० डेसिबलमधून १३ गेले की उरतात ८७, म्हणजे दोन तासांचा सराव मर्यादेत बसतो. ७ वजा होतात ते आवाज मोजण्याच्या दोन पद्धतींतल्या फरकासाठी. निम्मं करावं लागतं ते मुख्यतः प्लग नीट न बसवल्यामुळे.

लहान मुलांना फोम नको. त्यांना डोक्यावरून घालायचे इअरमफ द्या. आवाज बंद करणारे ब्लूटूथ इअरबड कोणालाच नकोत. ते ताशासमोर टिकण्यासाठी बनवलेले नाहीत, आणि घाम आला की रस्त्यावर पडतात.

फोमचा प्लग बसवणं

इथे सगळे चुकतात, आणि गंमत म्हणजे चुकतो आहोत हे कळत नाही, कारण अर्धवट घातलेला प्लगही ‘काहीतरी कमी झालं’ असं भासवतो. मैदानात पाहा: दहांपैकी सात जणांच्या कानातून प्लग पिवळ्या कळीसारखा बाहेर डोकावत असतो. समोर उभ्या माणसाला तुमचा प्लग दिसत असेल तर तो कानात नाही, कानावर आहे.

कानाची नळी सरळ नसते. तिला दोन वळणं असतात आणि ती किंचित वर-पुढे जाते. प्लग नुसता दाबला तर पहिल्या वळणाला अडतो, तिथेच फुगतो आणि बाजूने फट राहते. फट केसाएवढी असली तरी ढोलाचा खर्ज तिच्यातून आरामात आत येतो. म्हणून नळी आधी सरळ करायची.

हात स्वच्छ धुऊन कोरडे करा. पहिल्या दोन बोटांत आणि अंगठ्यात प्लग धरून हळूहळू, दाब वाढवत फिरवत राहा. तो अगरबत्तीच्या काडीपेक्षा थोडा जाड आणि गुळगुळीत झाला पाहिजे. घाईने चिमटून दाबला तर त्याला चुणी पडते, फुगल्यावरही ती चुणी राहते आणि आवाज त्या खोबणीतून सरळ आत. चुणी दिसली की सोडून द्या, फुगू द्या आणि पुन्हा वळा.

आता उजव्या कानासाठी प्लग उजव्या हातात. डावा हात डोक्यावरून पलीकडे न्या, उजव्या कानाचा वरचा भाग धरा आणि वर-मागे ओढा. तोंड किंचित उघडं ठेवा. ओढलेलं असतानाच प्लग एका दमात आत सरकवा. वळल्यापासून आत जाईपर्यंत तीन-चार सेकंदच हातात असतात, त्यानंतर तो फुगू लागतो आणि दारातच अडकतो. आत गेला की कान सोडा, पण बोटाचं टोक प्लगच्या तोंडावर तसंच ठेवा आणि एकपासून तीस-चाळीसपर्यंत सावकाश मोजा. हे मोजणंच लोक गाळतात. बोट काढलं की फुगणारा फोम स्वतःला मागे ढकलतो आणि तुमची सगळी मेहनत दोन मिलिमीटर बाहेर येते.

पथकात आणखी दोन अडचणी असतात आणि त्या कोणत्याही पाकिटावर छापलेल्या नसतात. पहिली, फेटा. फेटा बांधल्यावर कानाचा वरचा भाग त्याखाली दबतो, तो ओढता येत नाही, आणि ओढला तर फेटा सुटतो. म्हणून प्लग आधी, फेटा नंतर. फेटे बांधणाऱ्याला हे सांगून ठेवा, नाहीतर तो पहिल्या रांगेला घाईघाईने आटपून मोकळा होतो. दुसरी, भिकबाळी. ती नेमकी जिथे पकडायचं तिथेच असते, खालून ओढली तर कान दुखतो आणि माणूस अर्ध्यावर सोडतो. भिकबाळीच्या मागची कड धरा, किंवा भिकबाळी प्लगनंतर घाला.

आता खात्री. दोन्ही हातांचे पंजे कानांवर घट्ट दाबा आणि सोडा. दाबल्यावर बाहेरचा आवाज ठळकपणे कमी झाला, तर प्लग बसलेला नाही, कारण बसलेला असता तर पंजांना कमी करायला फारसं काही उरलंच नसतं. मग मोठ्याने एक ते पाच म्हणा. आवाज डोक्याच्या मधोमध घुमला पाहिजे. एका बाजूला झुकला तर ज्या बाजूला तो कमी घुमतो त्या कानातला प्लग पुन्हा घाला. ढिला प्लग आत ढकलून भागत नाही. पूर्ण काढायचा, वळायचा आणि नव्याने घालायचा.

दोन कानांच्या नळ्या एकाच माणसात वेगळ्या असू शकतात. एका बाजूने तीन-चार प्रयत्नांतही बसत नसेल, तर त्या कानाला बारीक आकाराचा प्लग घ्या. ही सवय घरी, आरशासमोर, पहिल्या सरावाच्या आठवडाभर आधी करायची. वाकडी बारवेपाशी मिरवणूक निघायची वेळ झाल्यावर कोणी शिकत नाही.

फिल्टरवाल्या, तीन चकत्यांच्या प्लगला वळावं लागत नाही. पाण्याचं बोट लावा, कान तसाच ओढा, थोडं फिरवत आत घाला. सगळ्यांत मोठी चकती नळीच्या तोंडाला टेकली की झालं.

वाजवताना

पहिले तीन सराव कोंडल्यासारखं वाटेल. ढोलाचा ठोका हाडांतून येतो, तो राहतोच. जाते ती वरची धार, आणि ती ऐकू येत नाही म्हणून टिपरू जोरात पडू लागतं. या तीन दिवसांत जोर मुद्दाम कमी ठेवा आणि डोळे मुख्य ताशावाल्याच्या हातांवर ठेवा. चौथ्या दिवशी लय प्लगसकट कळू लागते. एकच कान बंद करण्याची शक्कल मात्र नको: कोणता आवाज कुठून येतो याचा अंदाज बिघडतो आणि उघडा कान पूर्ण मार खातो.

इशारे हातांनी ठरवून घ्या. सूचना ऐकायला प्लग काढणं सगळ्यांत महाग पडतं. ३० डेसिबल तोडणारा प्लग चार तासांत निम्मा वेळ बाहेर राहिला, तर एकूण फायदा उरतो ३ डेसिबल. फक्त २४ मिनिटं बाहेर राहिला तरी ३० चे १० होतात. शिट्टी फुंकणाऱ्या पथकप्रमुखांनी तर स्वतः आधी प्लग घालावेत, शिट्टी त्यांच्याच कानाशी १०० च्या पुढे वाजते.

प्लग काढायचाच असेल तर बाजूच्या गल्लीत, वाजणं थांबल्यावर, हळू फिरवत काढा. झटक्याने ओढला तर पडद्याला चोखल्यासारखी ओढ बसते. आणि गुलालाच्या हाताने पुन्हा वळू नका. तो गुलाल थेट नळीत जातो आणि खाज, मग सूज. खिशात बंद पाकिटातले तीन जोड ठेवा. पावसाने भिजलेला फोम नीट वळला जात नाही, तो टाका.

जागाही महत्त्वाची. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट केलं की सुमारे ६ डेसिबल कमी होतात. मेनरोडवर किंवा भद्रकालीत दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात, तिथे एवढं मिळत नाही, म्हणून विश्रांती घ्यायची ती रविवार कारंज्याच्या मोकळ्या चौकात घ्या. बेंजो पार्टीत गाडीच्या कर्ण्याच्या तोंडासमोर उभं राहू नका, बाजूला सरका.

वाजवून झाल्यावर

प्लग टाका (फिल्टरवाले कोमट साबणपाण्याने धुवा, वाळल्यावरच डबीत). मग शांत खोलीत बसून ऐका. कान भरल्यासारखा किंवा आत बारीक ‘टीऽऽ’ असेल, तर आज प्लग बसले नव्हते. बहुधा हे एक-दोन दिवसांत ओसरतं. ओसरेपर्यंत सराव नाही, हेडफोनही नाही. ओसरलं म्हणजे काही झालंच नाही असंही समजू नका: चाचणी पुन्हा नॉर्मल आल्यावरही केसपेशींना जोडलेल्या मज्जातंतूंच्या जोडण्या तुटलेल्या राहू शकतात, हे २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं आहे.

एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. यात स्टिरॉइडचा उपयोग होतो तो लवकर सुरू केलं तर, पहिल्या दोन आठवड्यांत, आणि जितकं आधी तितकं बरं. ‘मिरवणूक होऊ दे, मग बघू’ इथे चालत नाही. कानातला ‘टीऽऽ’ एकाच बाजूला असेल, नाडीच्या ठेक्यावर येत असेल किंवा चक्कर येत असेल, तरी लवकर दाखवा.

कानातली गुणगुण कायमची बसली तर ती बरी करणारी गोळी नाही. थेंब, कॅप्सूल, काढे यांवर पैसे घालवू नका. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने ती बरीच मागे पडते, आणि झोप उडाली असेल तर समुपदेशनाच्या ठरावीक पद्धतींनी तिचा त्रास कमी होतो. रात्री खोली पूर्ण शांत ठेवू नका, पंखा चालू राहू द्या. दिवसाही घरात, बसमध्ये, बाजारात प्लग घालून फिरू नका. साध्या आवाजापासूनही लपवलेला कान दिवसेंदिवस हळवा होतो आणि मग ताटावर वाजलेला चमचाही टोचू लागतो.