सेमिनरीला जाताय? या चुका टाळा

पदवी हातात आली आणि पाळकीय सेवेचं पाचारण मनात पक्कं झालं, की बरेच तरुण थेट सेमिनरीचा, म्हणजे पाळक घडवणाऱ्या धर्मज्ञान विद्यालयाचा, फॉर्म भरतात. पहिली चूक इथेच होते. सेमिनरी पदवी देते, पण पाळकपदाची दीक्षा देते ती मंडळी, म्हणजे आपलं चर्च. पाळकसाहेब, पास्टरेट कमिटी (मंडळीचा कारभार पाहणारी समिती), डायोसिस (बिशपचा धर्मप्रांत) यांच्याशी आधी न बोलता बी.डी. (धर्मज्ञानाची पदवी) करून आलेल्याला नेमणुकीची वाट पाहत बसावं लागतं. शिवाय मंडळी तुम्हाला लहानपणापासून ओळखते. ती ‘जरा थांब’ म्हणाली, तर राग मानू नका. संडे स्कूल घ्या, आजाऱ्यांच्या घरी जा. पाचारण खरं असेल तर या कामात ते अधिकच पक्कं होतं.

दुसरी चूक पदवीच्या मान्यतेची. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी 1818 मध्ये उभ्या केलेल्या बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजला 1827 मध्ये डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली आणि 1918 मध्ये त्याचा कायदाही झाला. त्या बळावर सेरामपूरचं सिनेट आजही धर्मज्ञानाच्या पदव्या देतं. बंगळूरचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज, 1983 मध्ये यवतमाळहून पुण्याला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी अशा संस्था त्याच्याशी जोडलेल्या आहेत. एम.डिव्ह. ही धर्मज्ञानाची दुसरी पदवी देणाऱ्या अनेक सेमिनऱ्या मात्र एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनचं मूल्यांकन घेतात. शिक्षण दोन्हीकडे चांगलं मिळू शकतं. पण आपल्या चर्चला कोणती पदवी चालते, हे प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या.

ग्रीक आणि हिब्रू या बायबलच्या मूळ भाषा परीक्षेपुरत्या घोकू नका. क्रियापदांचे तक्ते परीक्षेनंतर महिन्याभरात विसरले जातात. त्यापेक्षा मार्कचं शुभवर्तमान रोज दोन-तीन ओळी मुळातून वाचा. त्याची ग्रीक सोपी आहे. पंडिता रमाबाईंनी या दोन्ही भाषा शिकल्या त्या मराठी वाचकासाठी. त्यांचं बायबलचं भाषांतर त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये छापून आलं.

आणि मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मराठीचीच. वर्ग इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, निबंध इंग्रजीत. चार वर्षांनी तरुण गावच्या व्यासपीठावर उभा राहतो आणि म्हणतो, “या परिच्छेदाची संदर्भचौकट आपण समजून घेतली पाहिजे.” पाचवी शिकलेली आजी शेवटच्या बाकावर बायबल उघडून बसलेली असते. तिला उपाशीच घरी जावं लागतं. हे टाळायचं तर पहिल्या वर्षापासून महिन्याला एक संदेश (प्रवचन) थेट मराठीत लिहा. इंग्रजीत लिहून मग उतरवू नका. धर्मज्ञान न शिकलेल्या एखाद्या माणसाला तो वाचून दाखवा आणि त्याला काय कळलं ते त्याच्याच तोंडून ऐका. जिथे तो अडखळेल, तिथे लिखाण दुरुस्त करा. संत तुकारामांचे अभंग वाचा, नारायण वामन टिळकांची भजनं तोंडपाठ करा. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंग-ओवीची लय दिली. ती भजनं आपल्या उपासनेत अजून गायली जातात, कारण ती याच मातीतली आहेत.

फील्ड वर्क (मंडळीत जाऊन करायचं प्रत्यक्ष काम) म्हणजे हजेरीची सही, असं समजणारेही खूप. खरे प्रश्न तिथेच भेटतात. आपल्या अनेक कुटुंबांत अर्धे नातेवाईक हिंदू किंवा बौद्ध असतात. घरची बाई विचारते, “पाळकसाहेब, सख्ख्या काकांचं तेरावं आहे. पंगतीला बसू का?” बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या आठव्या अध्यायावर वीस पानांचा निबंध लिहिलेला विद्यार्थी इथे गप्प होतो. खरं तर ते पत्र लिहिणारा पौल तिथे हीच गोष्ट बोलतो: मूर्तीपुढचं अन्न, आणि आपल्या खाण्याने दुबळ्या विवेकाच्या भावाला बसणारी ठेच. भेटीहून आल्यावर नावं गाळून तो संवाद शब्दशः लिहून काढा, वडीलधाऱ्या पाळकांपुढे ठेवा. आपण कुठे घाईने उपदेश केला आणि कुठे ऐकायचंच राहिलं, ते कागदावर स्पष्ट दिसतं.

पंचग्रंथ (बायबलची पहिली पाच पुस्तकं) कुणी आणि कसा लिहिला, ही चर्चा वर्गात सुरू झाली की काहींची श्रद्धा डळमळते. घाबरून पळू नका, मनात दाबूनही ठेवू नका; विश्वासातल्या शिक्षकांशी बोला. अर्धवट पचलेलं मात्र सुट्टीत गावी जाऊन व्यासपीठावरून सांगू नका. आणि अभ्यासासाठी केलेलं वाचन म्हणजे प्रार्थना नव्हे. सकाळची ती वेळ वेगळीच ठेवा.

लग्न झालं असेल तर पत्नीशी सविस्तर बोला. कुटुंबासाठी खोली आहे का, तिला शिकायची सोय आहे का, मुलांची शाळा कुठे, हे प्रवेशाआधीच विचारा. मंडळी किंवा डायोसिस खर्च उचलणार असेल, तर त्या बदल्यात किती वर्षं सेवेची अट आहे ते वाचूनच सही करा.