फाईल पाठवलीत, पण पलीकडे काय उघडलं? या चुका टाळा

बेळगावातून पुण्याला लग्नपत्रिकेचा मजकूर पाठवा, नाहीतर खानापूरच्या सोसायटीचा अहवाल निपाणीच्या छापखान्यात. थोड्या वेळाने फोन येतो, "फाईल उघडली, पण एक अक्षर वाचता येईना." मग नेटला शिव्या बसतात. गडबड बहुतेक वेळा फॉन्टची असते.

जुने डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची मांडणी करायचे) फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांनी घातलेला मराठी वेष. फाईलमध्ये साठतो इंग्रजी अक्षराचाच क्रमांक, देवनागरी रूप देतो तुमच्या मशीनवरचा फॉन्ट. पलीकडे तो नसला की वेष उतरला. जुन्या नुडी किंवा बरहा फॉन्टातल्या कन्नड मजकुराचीही हीच गत, आणि आपल्याकडे एकाच पत्रात दोन्ही भाषा असल्या की घोटाळाही दुप्पट.

यावर उपाय युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची एकच क्रमांकपद्धत. तिच्यात प्रत्येक लिपीच्या अक्षराला आपला क्रमांक असतो. देवनागरी 'क' २३२५, कन्नड 'क' ३२२१. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून दोन्ही लिप्या त्यात आहेत, तरी जुने फॉन्ट काही सुटत नाहीत. सवय! खरं तर आपल्याला हे सोपं जायला हवं. भारतीय लिप्यांसाठीच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी 'क' आणि कन्नड 'क' एकाच बटणावर आहेत, बाकीची बहुतेक अक्षरंही तशीच. एका लिपीवर हात बसला की दुसरी अर्धी आलीच. विंडोजमध्ये दोन्ही भाषा जोडून ठेवा. विंडोजचं बटण दाबून धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते.

जुन्या फॉन्टात आधीच टाईप केलेलं कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणता येतं, पण नंतर पूर्ण वाचा. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, आणि पत्रिकेत नेमकी आडनावंच जोडाक्षरी निघतात. फक्त छापायचं असेल तर पीडीएफ पाठवा. समोरच्याला दुरुस्ती करायची असेल तर पीडीएफचा उपयोग नाही.

जमिनीच्या उताऱ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि बारीक आकडे पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. जीमेलवर २५ एमबीपेक्षा मोठी फाईल ड्राईव्हच्या लिंकने जाते, तेव्हा बघण्याची परवानगी दिली आहे ना, ते तपासा.

मंडळाच्या सगळ्या सभासदांना एकच मेल पाठवताना पत्ते 'बीसीसी'त टाका. 'टू'मध्ये टाकलेत तर सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात, आणि कुणीतरी 'रिप्लाय ऑल' करून वर्गणीचा जुना वाद उकरतोच.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिण्याचा आळसही महागात पडतो. 'काल', 'काळ' आणि 'कळ' तिथे सारखेच दिसतात. निदान बैठकीची वेळ आणि पैशाची गोष्ट तरी देवनागरीत लिहा.

चुकीच्या ग्रुपवर मेसेज गेला तर घाईत 'फक्त माझ्यासाठी डिलीट' दाबू नका. तो तुमच्यापुरताच जातो, बाकीचे निवांत वाचत बसतात.

झेरॉक्सच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब उघडलंत तर नुसती खिडकी बंद करून उठू नका, अकाउंट चालूच राहतं. फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडून तिथून लॉगआउट करा. घरी पोचल्यावर आठवलं तरी फोनवरून करता येतं.