आरएफ आयन सोर्स: रिफ्लेक्टेड पॉवर शून्य, तरी बीम कमी? या चुका टाळा

आरएफ (रेडिओ फ्रीक्वेन्सी) आयन सोर्समध्ये कॉइलला दिलेल्या पॉवरने गॅसचा प्लाझ्मा होतो आणि त्यातून आयनांचा बीम काढतात. मॅचबॉक्स (जनरेटर आणि कॉइल यांचा मेळ घालणारा कॅपॅसिटरचा डबा) जुळला, रिफ्लेक्टेड पॉवर शून्यावर आली आणि बीम करंट मात्र अपेक्षेच्या निम्मा. अशा वेळी हात आधी गॅसच्या व्हॉल्व्हकडे जातो. तो कॉइलकडे जायला हवा. रिफ्लेक्टेड शून्य याचा अर्थ जनरेटरकडे काही परतत नाही, एवढाच. पुढे गेलेली पॉवर प्लाझ्मात शिरली की कॉइलच्या तांब्यात आणि आजूबाजूच्या धातूत उष्णता होऊन संपली, हे तो मीटर सांगत नाही. मोठ्या सोर्समध्येही हा प्रश्न सुटलेला नाही. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतला रॉबिन हा आयन सोर्स 1 मेगाहर्ट्झ आणि 100 किलोवॅटचा आहे. या जातीच्या सोर्समध्ये जवळजवळ निम्मी पॉवर वाटेत खर्च होऊ शकते.

करंट न मोजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कॉइलच्या जमिनीला जोडलेल्या (अर्थ) टोकावर आरएफ करंट ट्रान्सफॉर्मर (करंट मोजणारं कडं) बसवा. गॅस बंद करून चेंबर 10⁻³ पास्कलच्या खाली न्या, 50 वॅट द्या आणि खिडकीतून पाहून घ्या की आत जराही चमक नाही. प्लाझ्मा नसताना मॅचिंग फार अरुंद असतं, कॅपॅसिटर सावकाश फिरवा. समजा करंट 10 अँपिअर आरएमएस आला. 50 भागिले 10 चा वर्ग, म्हणजे रेझिस्टन्स 0.5 ओहम. आता प्लाझ्मा पेटवून 500 वॅट द्या. करंट 20 अँपिअर आला, तर एकूण रेझिस्टन्स 1.25 ओहम. त्यातले 0.75 प्लाझ्माचे, म्हणून कपलिंग (प्लाझ्मात पोचलेल्या पॉवरचा वाटा) 60 टक्के आणि 200 वॅट वाया.

दोन्ही मोजण्यांत पाण्याचं तापमान सारखं ठेवा. तांबं 50 अंशांनी तापलं, तर आरएफ रेझिस्टन्स साधारण 10 टक्क्यांनी वाढतो आणि हिशेब बिघडतो.

कॉइलवरच व्होल्टेज, करंट आणि फेज मोजून पॉवर काढणं

13.56 मेगाहर्ट्झवर 2 मायक्रोहेन्रीच्या कॉइलचा रिअ‍ॅक्टन्स (आरएफ करंटला होणारा, पॉवर न खाणारा अडथळा) सुमारे 170 ओहम असतो. वरच्या उदाहरणात फेज 89.6 अंशांच्या आसपास येते. तिथे अर्ध्या अंशाची चूक झाली की पॉवर दुप्पट दिसते. पॉवर मॅचबॉक्सच्या अलीकडे, 50 ओहमच्या लाइनवर, डायरेक्शनल कपलरनेच (जाणारी आणि परतणारी पॉवर वेगळी दाखवणारं साधन) मोजा.

कॉइलजवळ लोखंड, सैल जोड

प्लाझ्मा नसताना मोजलेला कॉइलचा रेझिस्टन्सच जास्त आला, तर दोष प्लाझ्मात नाही. स्टीलचे क्लॅम्प आणि स्क्रू काढून पितळी लावा. धातूचा फ्लँज कॉइलपासून शक्य तर तिच्या त्रिज्येइतका दूर ठेवा. या फ्रीक्वेन्सीला करंट तांब्याच्या वरच्या 18 मायक्रॉनमधूनच वाहतो, म्हणून जाड वायरपेक्षा 25 मिलिमीटर रुंद पट्टी बरी. काळवंडलेला जोड उघडा, घासा, पुन्हा आवळा. फॅरेडे शील्ड (कॉइल आणि प्लाझ्मा यांमधलं फटी असलेलं धातूचं आवरण) असेल, तर त्याच्या फटी कॉइलच्या वेढ्यांना आडव्या आहेत ना, ते पाहा. शील्डमधलं नुकसान पूर्ण टळत नाही, पण चेंबरची सिरॅमिक भिंत वाचते. जास्त पॉवरला हा सौदा परवडतो.

अंधुक चमकेवरच मॅच करून थांबणं

कमी पॉवरला प्लाझ्मा कपॅसिटिव्ह मोडमध्ये (कॉइलच्या व्होल्टेजवर) अंधुक पेटतो. पॉवर वाढवत गेलं की तो एकदम उजळून इंडक्टिव्ह मोडमध्ये (कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रावर) उडी घेतो आणि लोड बदलतो. मॅचिंग त्या उडीनंतर, काम करायच्या पॉवरला करा. प्लाझ्मा परत अंधुक मोडमध्ये पडतो तो उडीच्या पॉवरपेक्षा कमी पॉवरला, म्हणून पेटवताना पॉवर जास्त द्या आणि मग उतरवा.

बडोद्याचा पावसाळा

जुलै-ऑगस्टमध्ये एसी नसलेल्या खोलीत दवबिंदू सहज 25 अंशांपर्यंत जातो. चिलर 18 वर ठेवला, तर कॉइलच्या नळीवर दव धरतं. वरच्या उदाहरणातल्या कॉइलवर 3.4 किलोव्होल्ट आहेत. ओल्या आधारावरून ठिणगी पडते आणि रिफ्लेक्टेडचा काटा मध्येच उडतो. चिलर 28 वर ठेवा, पाणी डीआयनाइज्ड (क्षार काढलेलं) वापरा, नळाचं नको. काटा तरीही उडत असेल, तर अंधार करून आधारांकडे पाहा. निळी रेघ दिसली की पॉवर बंद करून तो तुकडा बदला.