प्रॉडक्शन लॉजिस्टिक्समध्ये यायचंय? मग सुरुवात स्टोअरपासून करा

डिप्लोमा किंवा बीकॉम झालेली मुलंमुली मला विचारतात, "ताई, प्रॉडक्शन लॉजिस्टिक्समध्ये जायचंय, कोणता कोर्स करू?" कोर्सचं पुढे सांगते. आधी एवढं करा, पहिली दोन वर्षं स्टोअरमध्ये, म्हणजे कारखान्याच्या माल ठेवायच्या कोठारात काढा. पुण्याजवळच्या चाकणच्या बाजूला ‘त्याला स्टोअरला टाकलं’ असं म्हणतात, जणू शिक्षाच झाली. मला ते मनापासून खटकतं. मी स्टोअरमधूनच वर आले. आज गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लाइनला (जिथे ऑपरेटर ओळीने भाग जोडतात तिथे) मटेरियल पोचवणारी टीम सांभाळते. नवीन माणूस घेताना त्याने स्वतःच्या हाताने माल मोजलाय का, हे मी सगळ्यात आधी विचारते.

काम काय, ते नीट समजून घ्या. ऑपरेटरचा हात पुढच्या भागाकडे जाईल तेव्हा तो भाग तिथे असला पाहिजे. कमी नको आणि जास्तही नको, कारण लाइनशेजारची जागा मोजकी असते. इनवर्ड (माल आत घेणं), स्टोअर, लाइन फीडिंग (लाइनला माल देणं), पीपीसी (उत्पादनाचं नियोजन), व्हेंडर फॉलोअप (पुरवठादारांचा पाठपुरावा), डिस्पॅच (तयार माल पाठवणं) ही सगळी खाती त्यासाठीच आहेत.

पहिलं गणित टॅक्ट टाइमचं, म्हणजे दर किती वेळाने एक नग तयार व्हायला हवा त्याचं. ८ तासांच्या शिफ्टमध्ये ४८० मिनिटं. जेवणाची ३० आणि चहाची दोनदा १० मिनिटं वजा केली की ४३० उरतात. ग्राहकाला एका शिफ्टमध्ये ४३० नग हवे असतील तर दर मिनिटाला एक नग बाहेर पडला पाहिजे. म्हणजे एका जागी ताशी ६० भाग लागणार. भागांच्या प्रत्येक बिनला (डब्याला) एक कार्ड असतं. रिकाम्या बिनचं कार्ड स्टोअरला जाऊन भरलेली बिन परत यायला २ तास लागत असतील तर त्या वेळात १२० भाग संपतात. वर २५ टक्के राखीव धरले की १५०. बिनमध्ये ५० भाग मावत असतील तर तीन बिन, तीन कार्डं. ह्यालाच कानबान म्हणतात. टोयोटात ताइची ओनो ह्यांनी १९५० च्या दशकात ही पद्धत बसवली आणि आज आपल्याकडच्या वाहन कारखान्यांत ती सर्रास दिसते. मुलाखतीत हे गणित कागदावर मांडून दाखवता आलं तर तुमचं निम्मं काम झालं. सूत्र पाठ नसलं तरी चालेल, पण २ तासांचा अर्धा तास केला तर किती कार्डं कमी होतील, हे सांगता आलं पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी मी स्टोअरचा आग्रह धरते ती. सिस्टिममध्ये ८०० नग दिसतात आणि रॅकवर ६१० असतात. प्लॅनर ८०० वर विश्वास ठेवून प्लॅन लावतो आणि दुपारी लाइन थांबते. हा फरक पडतो कुठे? बहुतेक कारखान्यांत बॅकफ्लश चालतं. तयार नगाची नोंद झाली की बीओएमप्रमाणे (एका नगाला लागणाऱ्या भागांच्या यादीप्रमाणे) त्याचे सगळे भाग सिस्टिम आपोआप वजा करते. बीओएममध्ये चार स्क्रू लिहिलेत आणि एक हातातून पडून पाच लागले, तर पाचव्याची नोंद कुठेच होत नाही. रिजेक्ट झालेला भाग लाल बिनमध्ये पडून राहतो, पण स्क्रॅप बुक करायला कुणाला वेळ नसतो. नेहमीचा भाग संपला म्हणून परवानगी घेऊन पर्यायी भाग वापरतात आणि सिस्टिम मात्र जुनाच भाग कापत राहते. कधी उलटही होतं. गाडी खाली झालेली असते, माल रॅकवर असतो, पण जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) न झाल्यामुळे संगणकाला तो दिसत नाही.

कारखान्यात सॅप हे सॉफ्टवेअर असेल तर १०१ ह्या कोडने माल आत येतो, ३११ ने एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो आणि २६१ ने उत्पादनाला खर्ची पडतो. हे तीन आकडे सगळेच पाठ करतात. तुम्ही त्यापुढे जा. बॅकफ्लशमध्ये अडकलेल्या नोंदी कोगी ह्या ट्रान्झॅक्शनमध्ये साठतात. ती यादी रोज सकाळी उघडा, एक ओळ निवडा आणि फ्लोअरवर जाऊन तो भाग शोधा. का अडकली ते ऑपरेटरलाच विचारा, त्याला बहुतेक वेळा माहीत असतं. महिनाभर असं केलंत तर कारखान्याची अशी ओळख होईल की वरिष्ठ तुम्हाला विचारायला येतील. ही ओळख केबिनमध्ये बसून होत नाही, म्हणून स्टोअर.

मोजण्याचीही शिस्त असते. वर्षाच्या शेवटी सगळं एकदम मोजण्यापेक्षा रोज थोडे भाग मोजा. महागडे ए वर्गातले भाग वारंवार, सी वर्गातले क्वचित. मोजायच्या आधी सिस्टिमचा आकडा बघू नका, नाहीतर मोजणी नकळत त्याच आकड्याकडे झुकते. फरक निघाला की लगेच ॲडजस्टमेंट मारू नका. कारण सापडेपर्यंत थांबा. ॲडजस्टमेंटने फक्त आकडा जुळतो.

जॉबवर्कचा, म्हणजे बाहेरच्या वर्कशॉपकडे कामासाठी पाठवलेला माल हा आपल्याकडचा खास विषय. प्लेटिंग, पेंटिंग, हीट ट्रीटमेंटसाठी चाकणचा माल भोसरीला जातो आणि परत येतो. चलनावरचा (मालासोबतच्या कागदावरचा) आकडा आणि टेम्पोतला आकडा गेटवरच ताडून बघा. जीएसटीच्या नियमाप्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षाच्या आत परत यावा लागतो. नाही आला तर पाठवला त्याच दिवशी तो पुरवला असं धरून कर लागतो. त्यामुळे जुन्या चलनांची यादी अकाउंट्सवाल्यांनी मागण्याआधी तुमच्याकडे तयार हवी. ई-वे बिलही (माल वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) नीट शिका. राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ते लागतं, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे, आणि साध्या मालाला दर २०० किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. गाडी घाटात अडकली तर मुदत वाढवण्याची आठवण ड्रायव्हरला नाही, तुम्हाला राहिली पाहिजे.

पुण्याचं कॅलेंडर कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत, म्हणून इथे सांगते. भोसरी–पिंपरीच्या पुष्कळ वर्कशॉपना गुरुवारी सुट्टी असते, पण ग्राहकाची लाइन गुरुवारी चालू असू शकते. तो माल बुधवारी रात्रीच उचलायचा. ज्ञानोबा–तुकोबांच्या पालख्या निघतात तेव्हा आळंदी आणि देहूकडचे रस्ते वळवतात. ते दिवस आधीच प्लॅनमध्ये खुणा करून ठेवा आणि दोन दिवसांचा साठा आगाऊ आणून ठेवा. दिवाळीला आणि छटपूजेला जॉबवर्कवाल्यांकडची माणसं गावी जातात आणि सगळी लगेच परततात असं नाही. पावसात न्हावाशेव्याहून येणारा कंटेनर बोरघाटात किती वेळ थांबेल, ते कुणी सांगू शकत नाही. चाकण चौकातली आणि तळेगाव–चाकण रस्त्यावरची कोंडी तर रोजचीच. नकाशावर दिसणारा वेळ प्लॅनमध्ये धरू नका, ड्रायव्हरला विचारा. जे ड्रायव्हर, हमाल आणि गेटवरचे वॉचमन तुमच्याशी मोकळेपणाने बोलतात, त्यांच्याकडूनच खरी बातमी आधी मिळते. त्यांना नावाने, आदराने हाक मारा. मी हे कामासाठी म्हणून शिकले, पण आता त्यांच्याशी बोलल्याशिवाय माझी शिफ्ट सुरू होत नाही.

आता कोर्स. एक्सेल आधी. पिव्होट आणि व्हीलूकअप न अडखळता आलं पाहिजे, कारण शॉर्टेज लिस्ट (कमी पडणाऱ्या भागांची यादी) त्यावरच बनते. नॅप्स किंवा नॅट्स ह्या सरकारी योजनांमधून ॲप्रेंटिसशिप मिळाली तर घ्या. चाकण, रांजणगाव, तळेगाव कुठेही चालेल, कंपनीचं नाव मोठं नसलं तरी. छोट्या कारखान्यात इनवर्डपासून डिस्पॅचपर्यंत सगळं एकाच माणसाला करावं लागतं, आणि शिकायला तेच उत्तम. सीपीआयएमसारखं (उत्पादन नियोजन आणि साठ्याचं) प्रमाणपत्र दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर करा. तेव्हा त्यातलं प्रत्येक पान ओळखीचं वाटतं.

स्टोअरनंतर लाइन फीडिंग मागून घ्या, मग पीपीसी. थेट पीपीसीत बसायची संधी आली तरी मी थांबायला सांगेन.

नेमणुकीचं पत्र हातात आलं की तुम्ही कंपनीच्या रोलवर आहात की ठेकेदाराच्या, ते आधी वाचा. ठेकेदाराकडून असाल तर पीएफ आणि ईएसआयचा नंबर पहिल्या महिन्यातच मागा आणि पीएफ जमा होतोय का, ते स्वतः तपासा. तिसरी शिफ्ट असेल तर बस कुठपर्यंत सोडते, तेही विचारा. मुलींनो, कंपनीची गाडी घराच्या दारापर्यंत येते की हायवेवर उतरवते, हे जॉइन व्हायच्या आधी लेखी घ्या. ते मागताना संकोच करू नका, मी माझ्या टीममधल्या प्रत्येकीला हेच सांगते.